दाजींचे चिंचोके

अक्काचा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत उभा होतो. "तुझे दाजी गेले," ती म्हणाली. रडत नव्हती. मग म्हणाली, "घंटा कोन वाजवनार?" गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी दाखवलं, पण ऐकू चांगलं आलं होतं. नंबर सोडला नाही. दळण घेऊन घरी आलो, पीठ डब्यात भरलं, झाकण घट्ट बसवलं आणि मग खुर्चीत बसलो. चौदा महिने ज्या माणसाशी मी एक शब्द बोललो नव्हतो, त्याच्या मरणाची घंटा वाजवायची पाळी रिवाजानं माझ्यावर आली होती.

हा रिवाज आमच्या ख्रिस्ती मंडळीबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही. धारूरचा घाट उतरून तेलगावकडे जाताना उसाच्या फडांमागे आमचं दगडी चर्च आहे, आणि बाजूला दोन खांबांवर टांगलेली घंटा. रविवारी ती भरभर वाजते. कुणी वारलं तर एकेक टोला, मधे श्वासभर थांबून, जेवढं वय तेवढे टोले. वाजवायचे ते सोयऱ्यानं. रक्ताच्या माणसाचा हात कापतो, मोजणी चुकते, म्हणून त्यानं दोरीला हात लावायचा नाही. आमच्यात सगळेच एकमेकांचे सोयरे, त्यामुळं तीस वर्षं ते काम दाजींकडंच होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे, तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार, मंडळीतले वडील, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एक. कुणाच्या मयतीला जाताना ते आधी गेलेल्याचं वय विचारायचे आणि तेवढे चिंचोके मोजून उजव्या खिशात घालायचे. एक टोला दिला की एक चिंचोका डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की दोरी सोडायची. "मानसाचं एक वर्सबी कमी पडू ने, मास्तर," असं मला सांगायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, पण त्यांच्याइतकी चोख मोजणी मलाही कधी जमली नाही.

चिंचोके मोजून द्यायचं काम लहानपणी माझ्या मार्थाकडं असायचं. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. अक्काला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं मार्था निम्मी माझ्याकडं आणि निम्मी त्यांच्याकडं वाढली. दाजींना ती मामा म्हणायची. फ्रॉकच्या ओच्यात चिंचोके घेऊन पायरीवर बसायची आणि मोठ्यानं आकडे म्हणायची. कुणाच्या तरी मरणाचे आकडे होते ते, पण पाढ्यासारखे म्हणायची. पुढं ती नर्स झाली आणि परदेशात नोकरीला लागली, तेव्हा मंडळीत पेढे दाजींनी वाटले. मी नाही.

दाजींचं एक ठाम मत होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. दुष्ट राजवटीवर सैन्य पाठवणं हे पाप नाही, कधी कधी ते न करणं पाप आहे. देवानं राज्यकर्त्याच्या हातात तलवार दिली ती भिंतीवर टांगायला नाही, असं ते भर उपासनेत सांगायचे. पाळकसाहेब तरुण होते, शांतीबद्दल बोलायचे. दाजी मान हलवून ऐकून घ्यायचे आणि बाहेर आल्यावर मला म्हणायचे, "साहेबाला सांग, ॲक्शन झाली नसती तर तू आज उर्दूत अर्ज लिहीत बसला असतास." आमच्याकडं जुनी माणसं निजामाविरुद्धच्या कारवाईला अजून ॲक्शनच म्हणतात. त्याआधीच्या काळात दाजींच्या वडिलांना हत्यारबंद टोळीनं भर बाजारात तुडवलं होतं, आणि फौज आली तेव्हा त्यांच्या आईनं गुडघे टेकून देवाचे आभार मानले होते. पण त्याच बाईनं पुढच्या आठवड्यात शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याचं अख्खं बिऱ्हाड चर्चच्या मागच्या खोलीत लपवलं, कारण आता सूड उगवणारे त्यांना शोधत होते. आठ दिवस तिनं त्यांना भाकरी नेऊन दिली. फौज आली ते बरोबर, आणि या लेकरांना कुणी हात लावला तर ते चूक, एवढं तिचं सरळ होतं.

त्यातूनच दाजींचे चार प्रश्न तयार झाले असावेत. लढाई कोण करतंय, हक्काचं सरकार की कुणीही सोम्यागोम्या? कशासाठी करतंय? दुसरे मार्ग करून पाहिले का? आणि चौथा, ज्यावर ते बोट नाचवायचे... मधे कोन उभं हाय? या चौथ्या प्रश्नावर ते नेहमी जास्त वेळ घ्यायचे. गावात एकदा बांधावरून दोन घरांत कुऱ्हाडी निघाल्या, तेव्हा हा माणूस मधे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मधे मी हाय, आता बोला." कुऱ्हाडी खाली आल्या. म्हणून मी त्यांना मानत होतो. डोक्यावरून पाणी जाईपर्यंत मानत होतो.

मार्था ज्या देशात होती तिथली राजवट वाईटच होती, त्यात वाद नाही. प्रार्थनेला जमलेल्यांना धरून नेत, पाळकांना वर्षानुवर्षं कोठडीत ठेवत, शेजारच्या देशांवर डोळे वटारत. मार्था फोनवर हळू आवाजात बोलायची. युद्धाची चिन्हं दिसायला लागली तेव्हा आपल्या लोकांना परत आणायला विमान सुटणार होतं. ती म्हणाली, "पप्पा, नाव देऊ का? वॉर्डात माणसं लई हायत, नर्सा कमी हायत." मला निर्णय घेता येईना. मी दाजींकडं गेलो. ते टीव्हीसमोर होते. हल्ली ते दिवसभर टीव्हीसमोरच असत, पडद्यावर निशाण्याचे पांढरे चौकोन फिरत आणि मधोमध धूर उठे. मी विचारलं तसं ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिला. नर्सनं रोगी टाकून पळायचं आसतं व्हय? अन् आता निशाना चुकत न्हाई मास्तर. आमच्या वक्ताच्या तोफा न्हाईत ह्या. खिडकी मनलं की खिडकी." मी म्हणालो, "दाजी, मधे कोण उभं आहे?" ते म्हणाले, "मधे कोनी न्हाई. दवाखाना लांब हाय."

दवाखाना लांब आहे हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तोफखान्यात बावीस वर्षं काढलेला माणूस, गोळा कुठं निघतो आणि कुठं पडतो हे ज्याला हाडामासात माहीत, त्यानं टीव्हीवरच्या पांढऱ्या चौकोनावर विश्वास ठेवला. आणि मी त्यांच्यावर. मी फोन करून मार्थाला सांगितलं की मामा म्हणतात थांब. ती हसली, म्हणाली, "मामा म्हनतेत तर थांबते." त्या रविवारी दाजींनी उभं राहून प्रार्थना केली की त्या जुलमी सत्तेचा पाडाव होवो आणि विमानं चालवणाऱ्या पोरांना प्रभू सांभाळो. सगळ्या मंडळीनं आमेन म्हटलं. मीही म्हटलं, चांगलं ठणठणीत. हे मी कुठं लपवत नाही.

मंगळवारी दुपारी भर उन्हात घंटा वाजायला लागली. भरभर, नाताळची वाजते तशी. माणसं शेतातून धावत आली. दाजी दोरीला लोंबकळत होते, घामानं सदरा भिजलेला, चेहरा उजळलेला. राजधानीवर हल्ला झाला होता, राजवटीची मोठी मोठी माणसं मारली गेली होती. "कैदेतले आपले लोक सुटनार मास्तर," ते मला म्हणाले आणि मिठी मारली. मी खिशातून फोन काढला. मार्थाचा फोन लागत नव्हता. दाजी म्हणाले, लाइनी बंद असतील.

अकरा दिवस लाइनी बंद होत्या. मग एक कागद आला, आणि त्यामागून एक पेटी आली, जिच्यावर उघडू नये असं लिहिलेलं होतं. सैन्याच्या कचेरीची भिंत आणि दवाखान्याची भिंत एकच होती म्हणे. मार्था एकोणतीस वर्षांची होती.

मयतीच्या दिवशी दाजी कोट घालून आले आणि सरळ घंटेकडं गेले. सोयरे तेच होते, रिवाज तसाच होता. त्यांनी दोरीला हात घातला आणि माझ्यात काहीतरी पेटलं. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "हात लावू नका. तुम्ही वाजवली तेवढी बास." त्यांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी दोरी सोडली आणि मागं जाऊन बाभळीखाली उभे राहिले. दुसऱ्या कुणाची दोरीला हात लावायची हिंमत झाली नाही. आमच्या मंडळीत टोल्याशिवाय मातीत गेलेलं एकच माणूस आहे, आणि ती माझी मुलगी आहे. हे दाजींनी केलं नाही. हे मी केलं.

महिन्यानं ते माझ्या दारात आले. आत या असं मी म्हटलं नाही. पायरीवर उभं राहून ते म्हणाले, "मी लई विचार केला. हल्ला बरोबर व्हता. आन् मार्थाचा काई गुन्हा नव्हता. दोनी खरं हाय मास्तर, मला कोन्तंच सोडता येईना..." मी माफीची वाट पाहत होतो. चुकलो एवढा एक शब्द. त्याऐवजी या माणसानं मला सिद्धांत सांगितला. मी दार लावलं. आतून मला त्यांची काठी बराच वेळ तिथंच दिसत होती, दाराच्या फटीतून.

त्यानंतर ते रोज चर्चमध्ये जात पण बोलत नसत, असं अक्का सांगायची. टीव्ही बंद केला होता. कुणी वारलं तर घंटा दुसऱ्याला वाजवायला सांगत. कैदेतल्यांपैकी काही सुटले अशी बातमी आली तेव्हा अक्कानं ती वाचून दाखवली, तर म्हणाले, "बरं झालं," आणि उठून गोठ्यात गेले. हे सगळं मला कळायचं आणि मला बरं वाटायचं. तडफडा, असं मनात यायचं. सांगायला लाज वाटते, पण यायचं.

आणि आता मी त्यांच्या ओट्यावर उभा होतो. आत लोक गीतं म्हणत होते. अक्का बाहेर आली, तिच्या हातात कापडाची लहान पुरचुंडी होती. "ह्ये त्येंच्या कोटात व्हते. उजव्या खिशात," ती म्हणाली. "रोज अंगावर घालायचे कोट, उनाळ्यातबी. मी मनायची, आता काहून घालता, तर बटनं लावून भाईर पडायचे." मी पुरचुंडी सोडली. चिंचोके होते, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले. दाजी पंचाहत्तरीचे होते, आणि हे पंचाहत्तर नव्हते हे बघताक्षणीच कळत होतं. अक्का म्हणाली, "मोजू नगं. मी मोजलेत."

मी घंटेकडं गेलो. चिंचोके उजव्या खिशात घातले. पहिला टोला दिला, श्वासभर थांबलो, एक चिंचोका डाव्या खिशात टाकला. असे एकोणतीस. उजवा खिसा रिकामा झाल्यावर मी थांबलो. लोक एकमेकांकडं बघायला लागले, पाळकसाहेब दोन पावलं पुढं आले. मग कुणीतरी बाई मोठ्यानं रडली, म्हणजे कळलं असावं. मी रक्ताचा, मी वाजवायला नको होतं, पण हात कापला नाही.

मग दाजींचे सुरू केले. त्यांच्यासाठी चिंचोके नव्हते, म्हणून तोंडीच मोजले. पन्नासाच्या पुढं कुठंतरी मोजणी चुकली. मी अंदाजानं वाजवत राहिलो आणि अंदाजानंच थांबलो. कमी पडले की जास्त झाले, मला माहीत नाही. मी त्यांना माफ केलं असं कुणी समजू नये. आज सहा आठवडे झाले. सदरा धुवायला टाकताना खिशातले चिंचोके काढतो आणि धुतलेल्या सदऱ्याच्या डाव्या खिशात घालतो. कालच्या रविवारी चुकून उजव्या खिशात गेले, तर चर्चच्या दारातून परत फिरलो, बाभळीखाली उभं राहून एकेक करून डावीकडं घेतले, आणि मग आत गेलो.