सतरा नंबर

दहावीच्या मुलांची निरोपाची सहल समुद्रावर न्यायला माझी तयारी नव्हती. मी किल्ला सुचवला, देऊळ सुचवलं, शेवटी शाळेच्याच अंगणात जेवण करू म्हटलं. मुलांनी हात वर करून मतं घेतली आणि दिवेआगर ठरलं. आगरदांड्याहून बस बोटीवर चढवून खाडीपलीकडे दिघीला उतरायचं, तिथून रस्त्याने दिवेआगर, आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत.

"बाई, भरतीला आमच्या पडवीत पाणी येतं. तुम्ही आम्हाला पाण्याचं भ्याव दाखवता?" एकाने विचारलं आणि वर्ग हसला.

मला भीती त्यांचीच होती. ज्यांना पोहता येत नाही ती मुलं काठाला बसतात. ज्यांना येतं ती पुढे जातात.

म्हणून मी नेहमीसारखी यादी केली. शिट्टी, दोर, औषधांची पेटी, पालकांची संमतीपत्रं, दुपारच्या जेवणाच्या खानावळीचा फोन नंबर. मोबाइल सगळ्यांचे माझ्याकडे, एका कापडी पिशवीत, कारण फोटो काढता काढता मुलं किती आत जातात ते त्यांना कळत नाही. पाण्यात घोट्याच्या वर कोणी जायचं नाही. मुलं सदतीस, शिक्षक दोन, मी आणि खेळाचे सर.

दिवस चांगला गेला. जेवणानंतर सुरूच्या झाडांखाली सगळे गोल बसले. पाचवीपासून एकत्र असलेला वर्ग, त्यात आठवीपासून वर्गशिक्षिका मी. प्रत्येकाने एक आठवण सांगायची आणि मी ती निरोपाच्या हस्तलिखितासाठी टिपून घ्यायची, असं ठरलं होतं.

"आठवीत तुमच्या टेबलाच्या खणात चिंबोरी ठेवलेली, ती आम्हीच, बाई."

"मला माहीत होतं."

"मग ओरडला का नाही?"

"मी म्हटलं होतं, ज्याची असेल त्याने घेऊन जावी."

"नेली ना! ह्याच्या आईने कालवण केलं. ह्याने आम्हाला एक नांगी पण दिली नाही."

असंच चाललं होतं. सतरा नंबरची पाळी आली. ही मुलगी कमी बोलणारी. तिची आई मासळी विकते. ती म्हणाली, "माझी काय आठवण आसनार, बाई? मी कायम उशिराच." सगळा वर्ग एकदम हसला, आणि लगेच गप्प झाला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. माझ्या हजेरीपत्रकात ती एकदाही उशिरा नव्हती. वेळ जात होता म्हणून मी अठरा नंबरला उठवलं.

पाच वाजता शिट्टी मारली. सगळे बसमध्ये चढले आणि मी मधल्या वाटेत उभी राहून हजेरी घेतली. माझी पद्धत ठरलेली आहे. मान खाली, पेन हातात, नंबर आणि खूण, नंबर आणि खूण. शाळेतही मला दीड मिनिट पुरतं. सदतीस वेळा "हजर" ऐकलं आणि चालकाला निघायला सांगितलं.

दिघीला बस बोटीवर चढली, मुलं उतरून वरच्या मजल्यावर गेली. बोटीने धक्का सोडला तेव्हा सूर्य खाली आला होता. मुलं कठड्यापाशी रांगेत उभी होती, म्हणून मी सहज डोकी मोजली.

छत्तीस.

पुन्हा मोजली. सरांना मोजायला लावलं. ते खाली बसमध्ये बघून आले, बोटीच्या मागच्या बाजूला गेले, शौचालयाचं दार वाजवलं. छत्तीस.

पहिल्यांदा मनात पाणीच आलं. बस चढते तिथे बोट आणि धक्का यांच्यात हात-दीड हाताची फट असते. तिथून कोणी गेलं तर इंजिनाच्या आवाजात ऐकूही येणार नाही. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. बोटीमागे फेसाचा पांढरा पट्टा आणि बाकी काळपट पाणी. यादी हातात होती, म्हणून नंबर घ्यायला सुरुवात केली. या वेळी मान वर ठेवून.

सोळा. हजर.

सतरा. कोणी बोललं नाही. सगळ्यांनी एकाच मुलीकडे पाहिलं. ती सतरा नंबरची मैत्रीण, तिच्या बाकावर बसणारी.

"कुठे आहे ती?"

"बाई, ती बसमध्ये चढलीच न्हाय."

"मग हजर कोण म्हणालं?"

"मी."

मी तिला दंडाला धरलं. किती जोरात धरलं ते मला आठवत नाही, पण ती रडायला लागली आणि रडत रडत तिने सांगितलं. तिची मैत्रीण रोज सकाळी बंदरावर जाते. लिलाव झाला की आईच्या टोपल्या उचलून रिक्षात चढवते आणि मग शाळेत पळते. पाचवीत चार-पाचदा उशीर झाला तेव्हा आईला शाळेत बोलावलं होतं, आणि त्या दिवशी आईचा बाजार बुडाला. दुसऱ्या दिवसापासून तिच्या नंबरला वर्गातलं कोणीतरी "हजर" म्हणायला लागलं. पत्रक मिटेपर्यंत ती मागच्या दाराने येऊन बसलेली असायची.

"सहा वर्षं?"

"ती येतेच, बाई. पाच मिनटात येतेच. आज पन येईल असं वाटलं. मला वाटलं मागून चढली. मी पुढं बसलेले."

"कुठे गेली होती?"

"चपला पाण्याजवळ राहिलेल्या. त्या आनायला."

म्हणजे ती एकटी पाण्याकडे गेली होती, भरती चढत असताना, आणि मी बस हलवली होती.

मी तिला फोन लावला. माझ्या खांद्यावरची कापडी पिशवी थरथरायला लागली. नियम माझाच होता.

मग खानावळवालीला लावला. ती लगेच म्हणाली, "स्कूटर काढते, बघून येते. तुम्ही धीर धरा." बोट खाडीच्या मध्यावर होती. बोट चालवणाऱ्याला विचारलं, वळवता येईल का. त्याने नुसती नाही म्हणून मान हलवली. खाली गाड्या होत्या, माणसं होती. पाणी, वेळ, अंधार पडायला किती, सगळं मी मनात मांडत होते आणि एकही गोष्ट माझ्या हातात नव्हती.

तेवढ्यात पिशवी पुन्हा थरथरली. सतरा नंबरचा मोबाइल बाहेर काढला. पडद्यावर "आई" असं होतं.

मी उचलला.

"बाई का? पोरगी हाय ना तुमच्या संगं?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. काय सांगायचं ते मला कळत होतं. सांगितलं तर ती बाई तिकडे एकटी वेडी होईल, खानावळवालीचा फोन येईपर्यंत तरी थांबावं, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तोंडातून ते वाक्य निघेना.

"हो. आहे," मी म्हटलं. "येतोच आम्ही."

 तिने फोन ठेवला.

पाच मिनिटांनी खानावळवालीचा आला. "बाई, चपला गावल्या. वाळूवरच हायत. पोरगी न्हाय."

"पाणी कुठपर्यंत आलंय?"

"चपलांच्या जवळ."

सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी फक्त "पोलीस?" असं विचारलं आणि मी हो म्हणून मान हलवली. ते नंबर लावत असतानाच पिशवीत फोन वाजला. तोच मोबाइल, अनोळखी नंबर. तो उचलायला मला जेवढा धीर लागला तेवढा त्या दिवसात कशालाच लागला नाही.

"बाई, मी."

"कुठे आहेस?" मी म्हटलं.

"बाई, मी दिघीला हाय. धक्क्यावर. तुमची बोट दिसतेय मला."

चपलांपर्यंत पोचली तेव्हा तिला झाडांमधून बस हलताना दिसली. चपला तिथेच टाकून ती अनवाणी रस्त्यापर्यंत पळाली. आईला ओळखणारे मासळीचे टेम्पोवाले काका मागून आले, त्यांनी गाडीत घेतलं. आम्ही धक्का सोडत होतो तेव्हा ती तिकीट खिडकीपाशी पोचली होती. माझी पिशवी तिला माहीत होती, म्हणून रेंज येताच काकांच्या फोनवरून तिने स्वतःचाच नंबर लावला.

"पुढच्या बोटीने येतो आम्ही. तुम्ही घाबरू नका. आईला काकांनी मघाशीच फोन केला, वाटेत जरा रेंज आली तवा."

मी फोन खाली केला. मुलं ओरडत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती, तिची मैत्रीण खाली बसून हमसत होती. सरांनी पाठ थोपटली.  आईने मला विचारलं, तेव्हा तिला माहीत होतं.

आगरदांड्याला उतरल्यावर एकही मूल बसमध्ये चढायला तयार नव्हतं. आम्ही सगळे धक्क्यावरच थांबलो. थोड्या वेळाने तिची आई आली. बाजारातून तशीच आली असावी, कमरेला खोचलेला पदर अजून ओला होता. मला पाहून ती शेजारी येऊन उभी राहिली आणि खाडीकडे बघत राहिली. पलीकडून बोट सुटली होती.

मी म्हटलं, "मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"व्हय."

"तुम्हाला माहीत होतं ना?"

"टेम्पोवाला म्हनला, तुझी पोर गाडीत घेतलीय. धड ऐकू येत नव्हतं. म्हनून पोरीच्या फोनवर तुम्हाला लावला. तुम्ही म्हनलात संगं हाय." तिने पदर आवळून खोचला. "मंग म्हटलं, ती जर बाईंसंगं हाय, तर त्या गाडीत कोन हाय? आन् गाडीत तीच आसंल, तर बाईंसंगं काय हाय?"

मी तिला धीर द्यायला "हो" म्हटलं होतं. तिच्याकडे जो काही धीर होता तो मी तेवढ्याने काढून घेतला होता.

"मी फार घाबरले होते," मी म्हटलं.

"मी पन घाबरलेच व्हते, बाई. म्हनून तर तुम्हाला इचारलं."

बोट धक्क्याला लागत होती. ती माझ्या पुढे होऊन चालायला लागली. मी मागे, मुलांमध्ये उभी राहिले.