मैनाबाईच्या वाट्याचं अर्धं बोलणं

"तुमी बंद पडते म्हणता, मग आता काहून पडत नाई?" कपिल म्हणाला. "सकाळपासून चालू हाये. दोन तास झाले."

"मंग मी का खोटं बोलून राह्यलो?" बबनराव खुर्चीत ताठ बसले होते, पाठीला लोडाची उशी लावून. "रोज संध्याकाळी अर्ध्या रस्त्यात बंद पडते. काल तं भर चढावर पडला. मांगं अर्पीची गाडी होती."

"म्हणून तं म्हणतो, ग्राफिक्स कार्ड बदलू. त्याच्यासंगं मोठा पॉवर सप्लाय टाकू. सात वर्षांचा कॉम्प्युटर हाये बाबा, किती रेटाचा?"

"मले चमक कायले पाहिजे बे? रस्ता दिसला म्हंजे झालं."

"झटके मारते ना पण."

"डंपर का झटके नव्हता मारत? अठ्ठावीस वर्षं खाल्ले म्या."

मैनाबाई अंगणात कपडे पिळत होती. दाराचा पडदा बाजूला होता, त्यामुळे नवऱ्याचं आणि मुलाचं भांडण तिला पूर्ण ऐकू येत होतं. या घरात पूर्ण ऐकू येणारं बोलणं म्हणजे एवढंच, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिने कॉम्प्युटरचं निळ्या फुलांचं कव्हर झटकून तारेवर टाकलं आणि त्याला दोन चिमटे लावले.

राजूरला तिचं लग्न झालं तेव्हा सासूने तिला पहिली गोष्ट शिकवली ती झाकण्याची. पाण्याचा गुंड झाकायचा, पीठ झाकायचं, गादी झाकायची. खाणीतल्या कोळशाची धूळ दार वाजवून येत नाही. सकाळी पुसलेल्या फळीवर दुपारी बोट फिरवलं तर बोट काळं. मैनाबाईने पुढे शिवणयंत्र घेतलं आणि घरातल्या एकेका वस्तूला अंगडं शिवलं. टीव्हीला, कूलरला, मिक्सरला. शेजारणी जुने पडदे घेऊन तिच्याकडे येत आणि मापं सांगून जात. कॉम्प्युटरच्या डब्याला तिने शिवलेलं कव्हर तर इतकं मापात बसलं होतं की मागे फक्त वायरींपुरत्या दोन चिरा आणि पुढे बटनापुरतं एक काज. दर रविवारी ती ते धूत असे.

तो कॉम्प्युटर खरा लेकीचा, अर्पिताचा. यवतमाळला इंजिनिअरिंगला असताना तिने एकेक भाग जमवून तो मैत्रिणींसोबत जोडला होता. रात्रंदिवस गेम खेळायची म्हणून तेव्हा बापाच्या शिव्या खायची. पुण्याला नोकरी लागली तेव्हा तिने लॅपटॉप नेला आणि हा इथेच ठेवला.

बबनराव खाणीतून निवृत्त झाले ते पाठीमुळे, मुदतीच्या चार वर्षं आधी. पहिलं वर्ष ते अंगणात खाट टाकून बसत. रस्त्यावरून गाडी गेली की डोळे मिटूनच सांगत, याचं क्लच गेलं, हा भरून चालला, हा रिकामा. मैनाबाईला ते सांगणं ऐकवत नसे. मग एका दिवाळीत अर्पिताने त्यांना या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि ट्रक चालवायचा गेम लावून दिला. पुढच्या महिन्यात तिने कुरियरने स्टिअरिंग पाठवलं. टेबलाला आवळून बसवायचं, पायाखाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटर.

त्या दिवसापासून रोज साडेसातला बापलेक गाड्या काढतात. ती पुण्यातून, हे राजूरहून, आणि गाड्या धावतात कुठल्या तरी परदेशी डोंगरात. बबनराव आधी हॉर्न देतात, मगच गाडी हलवतात. खाणीचा नियम. समोर चिटपाखरू नसलं तरी हॉर्न. अर्पिता सुरुवातीला हसली होती म्हणे. आता तीही देते म्हणे.

हे "म्हणे"च मैनाबाईला टोचत होतं. कारण खेळताना पोरीशी बोलायला बबनरावांच्या कानाला हेडफोन असायचा. स्वयंपाकघरात भाकरी थापताना तिला फक्त एका बाजूचं बोलणं ऐकू यायचं.

"मंग तो काय म्हणाला? ... हाव. ... नाई म्हणून सांग ना सरळ. ... खोली काहून बदलतं? ... दही खात जा."

एवढ्यावरून ती पोरीचं सगळं जुळवायची. साहेब त्रास देत असेल. खोलीत ओल असेल. दही म्हणजे पोट बिघडलं असेल. जेवताना विचारलं तर बबनराव म्हणत, "काही नाई, अशीच." त्यांच्या लक्षात राहायचं ते वळण कुठलं होतं आणि डिझेल किती उरलं होतं. अर्पिता रविवारी आईला फोन करायची, नाही असं नाही. जेवलीस का, गुडघा कसा आहे, पाणी येतं का. पाच प्रश्न झाले की दोघी गप्प. हातात काम नसलं की पोरीच्या तोंडून बोलणं निघत नाही, हे मैनाबाईला ठाऊक होतं. तिचंही तसंच होतं. लहानपणी अर्पी तिच्याशी बोलायची ती शेंगा सोलताना.

मागच्या गुरुवारी बबनराव हळू आवाजात म्हणाले होते, "रडू नको. गाडी बाजूले लाव आधी."

मैनाबाई भाकरी उलटायची विसरली. भाकरी करपली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "हालो? अर्पे?" आणि मग टेबलावर हात आपटल्याचा. कॉम्प्युटर बंद पडला होता.

"काय झालं तिले?" तिने विचारलं.

"टायर पंक्चर झाला."

"अन् त्याच्यासाठी रडली?"

बबनरावांनी ताट जवळ ओढलं. "कोणाले सांगू नका म्हणाली ती. आता बरी हाये. फोन केलता म्या." पण तेव्हापासून तीन दिवस तिला अन्न गोड लागत नव्हतं.

म्हणूनच या रविवारी लोहाऱ्याहून येताना कपिलला कॉम्प्युटर बघायला सांगितलं होतं. तो तिथल्या कारखान्यात मशीनवर होता आणि त्याला या डब्यातलं कळायचं. बोनस मिळाला होता, कार्ड मीच घेऊन देतो असं त्याने फोनवरच सांगून टाकलं होतं.

ऊन कडक होतं. कव्हर तासाभरात खडखडीत वाळलं. मैनाबाई ते घेऊन आत आली तेव्हा भांडण कार्डावरून कपिलच्या लहानपणावर गेलं होतं. सायकल कोणी मोडली वगैरे. ती दोघांच्या मधून वाकली, सवयीने डब्यावर कव्हर चढवलं, वायरी चिरांतून नीट काढल्या, काजातून बटन बाहेर आलं की नाही ते पाहिलं आणि चहा ठेवायला गेली.

चहाला उकळी येईपर्यंत आतून घरघर ऐकू येऊ लागली. मग एकदम शांत झालं.

"पाय, पाय, पडला का नाई?" बबनराव म्हणाले. आवाजात जिंकल्याचा आनंद होता.

मैनाबाई कपबशा घेऊन आली तेव्हा कपिल डब्यावर तळहात ठेवून बसला होता. त्याने तिचा हात धरून तिथे टेकवला. कापड इस्त्री फिरवल्यासारखं तापलं होतं.

"आई, हे रोज असते यावर? चालू असताना?"

"मंग? धूळ नाई जाणार अंदर?"

"याले गरम हवा मांगून फेका लागते. तू त्याचं नाक-तोंड बांधून ठेवलं. मी येतो रविवारी, अन् रविवारी तू हे धुतं. म्हणून मले कधी दिसलंच नाई."

मैनाबाईने कव्हराच्या चिरा बोटाने चाचपल्या. गुरुवारचं "हालो? अर्पे?" तिच्या कानात पुन्हा वाजलं. पोर रडत होती आणि बापाचा आवाज तिच्यापासून तोडला तो आपण. इतक्या काळजीने, इतक्या मापात.

"ते म्याच शिवाले लावलं होतं तिले," बबनराव म्हणाले. "तिची चूक नाई."

साफ खोटं होतं. कव्हर शिवून झाल्यावर चार दिवसांनी त्यांच्या ते लक्षात आलं होतं. मैनाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. ते स्टिअरिंगवरची नसलेली धूळ बोटाने पुसत होते.

"बाबा, तुमी रोज रेडिएटरची जाळी साफ करत होता ना?" कपिलला हसू आवरत नव्हतं.

"रोज. ड्युटीवर चढाच्या आधी." बबनराव म्हणाले. "तिथी दिसे. इथी फुलाफुलाचं कापड दिसलं."

मग तिघेही हसले, मैनाबाई डोळे पुसत.

कपिलने कव्हर काढून कॉम्प्युटर परत चालू केला. बंद पडायचं कारण सापडलं, तो म्हणाला. झटके राहिले, ते जुन्या हार्ड डिस्कचे. तिच्या जागी एसएसडी टाकली आणि रॅम वाढवली की गाडी सरळ धावेल. "पण कार्ड घेऊच. मले बी रविवारी काही खेळता येईन."

"असं म्हण ना. तुह्यासाठी पाहिजे."

"मंग पैसे कोणाचे हायेत?"

"नको मले तुहे पैसे."

पुन्हा सुरू झालं. मैनाबाई खुंटीला लटकवलेला हेडफोन पाहत होती. काळा, जाड, दोन कानांपुरता. पोरीचं सगळं त्यात जात होतं. त्या पोरीला रडायला एक जागा होती, तीही तिथेच होती. ती जागा मोडायची नव्हती. पण साहेब, खोली, दही, एवढं तरी आईच्या कानावर पडायला हरकत नव्हती. तिने कव्हराची घडी केली, मग आणखी एक घडी केली, आणि ते जुन्या चिंध्यांच्या पिशवीत टाकलं.

"कार्ड येणार नाई," ती म्हणाली. "कपिल, ते काय एसएसडी अन् रॅम म्हणतं, ते आण. त्याच्यासंगं स्पीकर आण अन् टेबलावर ठेवाचा माइक आण. मंगळवार अन् शुक्रवार तुमी हेडफोन लावजा, तिले जे तुमच्याशीच बोलाचं ते बोलू द्या. बाकीचे पाच दिवस स्पीकर चालू राहीन. अर्पीले मी आजच फोन करून सांगते."