मामाने बारशाला दिलेले नख

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, सीमाभागातले मराठी-कानडी बंद आणि दगडफेक पाहिली. त्यातले निम्मे आता आठवतही नाही. पण उचगावच्या एका आईसमोर मी हात पसरून उभा होतो, ते प्रकरण अजून मनातून जात नाही. नाव कोणाचे घेणार नाही. ती माणसे अजून तिथेच नांदताहेत.

सुरुवात आमच्या शहराच्या शहापूर भागात, सोनारांच्या गल्लीत झाली. तिथल्या एका वयस्क सोनाराने मला दुकानात बोलावले. पोलिसाला आपण होऊन बोलावणारा सोनार विरळाच, म्हणून साध्या कपड्यांत गेलो. शटर अर्धे ओढून तो म्हणाला, "साहेब, एक गिऱ्हाईक वाघनख सोन्यात मढवून मागायलंय. मी न्हाय म्हटलो. पण हे दुसऱ्यांदा झालं बघा. माल निपाणीकडनं येतोय म्हणत्यात. उद्या गल्लीत कोण सापडलं तर आमच्या सगळ्यांच्या तोंडाला काळं."

मूल भित्रे होऊ नये, त्याला दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात वाघनख बांधायची आमच्याकडे जुनी हौस. बहुतेक नखे म्हशीच्या शिंगाची असतात, जत्रेत मिळतात. पण खरे नख नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. मी वनखात्याच्या रेंजर मॅडमना फोन लावला. मला वाटले होते, खानापूरच्या जंगलात कोणी वाघ मारला असेल. त्या म्हणाल्या, "सर, गुजरातच्या वनखात्यानं सगळ्यांना कळवलंय. गीरच्या बाजूला एक नर सिंह शेताच्या कुंपणातल्या करंटनं मेला. नखं सगळी उपटून नेलीत. विकताना लोक त्याला वाघनखच म्हणणार."

निपाणीची तंबाखू गुजरातला जाते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्या रस्त्याने जाणारे ट्रक रिकामे परत येत नाहीत, हेही ठाऊक असते. सोनाराने सांगितलेल्या गिऱ्हाइकाला आणले, तर तो आधीच हबकलेला. नख मार्कंडेय नदीत फेकून दिले म्हणाला. पण विकणाऱ्याचे नाव त्याने दिले. निपाणीच्या बाजूचा एक ट्रकचालक.

चालकाला ठाण्यात आणले. पस्तिशीचा, हसऱ्या तोंडाचा गडी. ट्रकची झडती घेतली, घराची घेतली, काही मिळाले नाही. चहाचा घोट घेत तो मलाच समजावू लागला, "साहेब, मी लोकांना फसवलो. व्हय, कबूल. शिंगाची नखं हैत ती. चारशेवीस लावा की माझ्यावर."

मोठी चोरी लपवायला लहान चोरी कबूल करणारे बरेच पाहिले होते. हवालदार कानाशी येऊन म्हणाला, "सर, दोन लावू काय?" मी त्याला बाहेर पाठवला. मार खाऊन माणूस आपल्याला हवे ते बोलतो, खरे बोलेलच असे नाही. शिवाय पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. मला मुद्देमाल हवा होता आणि तो नदीत गेला होता.

चालकाचा मोबाईल टेबलावर होता. वाजला आणि पडदा उजळला. पडद्यावर एका बाळाचा फोटो, बाळाच्या गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात चांदीत मढवलेले नख.

"कोण रे हा?"

"भाचा हाय साहेब." तोंडावरचे हसू तसेच होते. "आक्काचा. उचगावात असती ती."

"नख कोणी दिलं?"

"मीच. बारशाला." मग घाईने म्हणाला, "ते बी खोटंच हाय."

"भाच्याची शपथ घेऊन सांग."

एवढेच म्हटले मी. त्याचा हात कपापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. गिऱ्हाइकाला फसवणारा माणूस भाच्याला फसवील, असे नसते. आमच्या मुलखात मामाची शपथ मोडता येते, भाच्याची मोडत नाही. शेवटी तो हमसून रडू लागला. "साहेब, तिची दोन पोरं गेल्यात. पयलं सा महिन्याचं, दुसरं चालायला लागलतं. हे तिसरं. तिच्या घरला जाऊ नगासा. मला काय पायजे ते करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजर मॅडम, एक महिला पोलीस आणि मी उचगावला गेलो. घराच्या पुढच्या सोप्यात बटाट्याची पोती रचलेली होती, नवरा शेतात गेलेला. बाई दारातच उभी राहिली. बाळ कडेवर होते. आमच्या गाडीकडे पाहून तिने पहिल्यांदा काय केले असेल, तर बाळाच्या गळ्यावर हात ठेवला. म्हणजे तिला कळले होते.

"भावानं कायतरी केलंय न्हवं?" ती म्हणाली. "पण हे मी देणार न्हाय. बांधल्यापास्नं ह्याला एक दिस ताप न्हाय. तुमी काढलासा आणि ह्याला कायतरी झालं तर? तुमी देणार हैसा काय मला पोरगं?"

कायद्याने मी ते ओढून घेऊ शकत होतो. पंच बाहेर थांबले होते. महिला पोलिसाने माझ्याकडे पाहिले, मी मानेनेच नको म्हटले. खरे सांगतो, त्या क्षणी मला माझ्या वर्दीचा राग आला होता.

मॅडम जमिनीवर बसल्या. बाईला म्हणाल्या, "आक्का, बस की जरा. हे वाघाचं नाही बहुतेक. सिंहाचं आहे."

"मेलेल्याचंच हाय म्हणला भाऊ. मेलेल्याचं घेतलं तर त्यात पाप काय?"

"तो मेला, तेवढ्यानं संपत नाही. सिंह एकटा राहत नाही. दोन-चार माद्या, त्यांची पिल्लं, असं घरच असतं. नर त्या मुलखाची राखण करतो. रात्री डरकाळी फोडतो ती बाहेरच्या नरांना सांगायला, की मी आहे, इकडं यायचं नाही. हा मेला, डरकाळी बंद झाली. मग बाहेरचे नर आत आले."

"मग?"

"दुसऱ्याची पिल्लं ते ठेवत नाहीत. पिल्लं अंगावर पीत असली की मादी माजावर येत नाही. म्हणून आधी पिल्लं मारतात. माद्या झुंजतात, पण सगळ्यांचं काही चालत नाही. तिथं तीन पिल्लं मेलेली सापडली."

बाई आता उंबऱ्यावर टेकली होती. बाळ तिच्या पदराशी खेळत होते. मग तिने विचारले, "आई हाय?"

"आहे."

"तिच्या डोळ्यांम्होरं मारली?"

मॅडमनी मानेनेच हो म्हटले. बाई एकदम उठून आत गेली. मला वाटले, आता मागच्या दाराने जाते. पण ती विळी घेऊन आली. बाळाला मांडीवर घेतले, दोरा विळीच्या पात्यावर धरून कापला. नख मॅडमच्या हातात देताना म्हणाली, "दुसऱ्याच्या आईचं काढून माझ्या लेकराला घातलं व्हय ह्यानं? आणि मी रोज त्याला हळदकुंकू लावत होते!" आणि मग अशी रडली, की सगळी गल्ली दारात आली.

पंचनामा झाला. जबाब कानडीत लिहून तिला मराठीत वाचून दाखवला. कायद्याने तीही अडकत होती, पण नख आपण होऊन दिले म्हणून वनखात्याने वरिष्ठांच्या संमतीने तिला साक्षीदार केले. हैदराबादच्या प्रयोगशाळेने नख सिंहाचे, आणि त्याच मेलेल्या नराचे, असा निर्वाळा दिला. मग चालकाने नाव सांगितले आणि हायवेवरच्या धाब्यावर माल देणारा सापडला, त्याच्यामागचेही सापडले. बाळाला मधे एकदा ताप आला, तेव्हा सासरच्यांनी बाईला नको नको ते ऐकवले. पण औषधाने ताप उतरला आणि ती साक्षीला आली.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी तिला विचारले, "सख्ख्या भावाला तुरुंगात घालायला आलात?" ती म्हणाली, "माझी दोन गेल्यात, साहेब. कुणाची गेली म्हटल्यावर मला खोटं बोलाय येत न्हाय." वकील खाली बसले. भावाला शिक्षा झाली.

निकालाच्या दिवशी बाहेर व्हरांड्यात तिने मॅडमना गाठले. "ती सिंहीण कशी हाय आता?"

"तिला परत पिल्लं झालीत. दोन."

"त्याच नराची? ज्यानं मारली त्याची?"

"हो."

बाईने पदर सावरला. मग म्हणाली, "करंल काय बाई. जगायचं असतंय."

वर्दी अंगावर चढवली तेव्हा मला वाटायचे, साक्षीदार एकतर रक्ताच्या बाजूने असतो नाहीतर कायद्याच्या. फुटलेले साक्षीदार पाहून पाहून ते मत पक्के झाले होते. या बाईने ते मोडले. धाक दाखवून मला नख मिळाले असते, साक्ष मिळाली नसती. माणसाला दुसऱ्याचे दुःख ओळखीचे वाटले की तो आपले नुकसान सोसूनही खरे बोलतो, आणि तरी आपल्या माणसाला टाकत नाही. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवले नव्हते.

मी गाडीकडे निघालो तर ती मागून धावत आली. पदराखाली डबा होता. "साहेब, भावाला भाकरी आणल्या. सकाळपास्नं काय खाल्ला नसंल तो. देऊ काय?"

पोलीस व्हॅन सुटायच्या बेतात होती. मी ती थांबवली.