भिंतीकडची जागा

तिला सगळे रातमावशी म्हणत. रात्रपाळीच्या आया संध्याकाळी पोरं तिच्या खोलीत सोडायच्या आणि सकाळी डोळे चोळत न्यायला यायच्या. मावशी तोंडाची फटकळ. "डबा आणलास, दूध आणलंस, पोरगं घरीच विसरलीस की काय?" असं एखादीला दारातच सुनवायची. पण कामाला पक्की. गॅस खालून बंद, न्हाणीतली बादली पालथी, दाराची कडी पोरांचा हात पोचणार नाही इतकी वर. तान्ही उताणी निजवायची, उशी नाही की पांघरूण नाही. मधूनमधून उठून प्रत्येकाच्या नाकाशी बोट धरायचं. सगळ्यांचं झालं की तेच बोट ती भिंतीकडच्या रिकाम्या जागेवरही धरायची. तिथं ती कोणालाच झोपू देत नसे.

ही शिस्त लागायच्या आधी, त्या जागी एकदा एका नर्सचं तान्हं बाळ झोपलं होतं. शेजारी त्याची सहा वर्षांची बहीण, हनुवटीवर तीळ असलेली, बडबडी. मोठ्या पोरांनी धाकट्यांना सांभाळायचं, ही मावशीची तेव्हाची पद्धत, आणि या पद्धतीचा तिला भारी तोरा. "भावाला थंडी वाजली तर पांघरूण घालायचं हं," तिनं बडबडीला बजावलं होतं. पोरीनं ऐकलं. मावशीचा डोळा लागला तेवढ्यात तिनं स्वतःची जाड रजई भावावर घातली, डोक्यापासून पायापर्यंत, नीट खोचून. मावशीला जाग आली तेव्हा बाळ गार पडलं होतं आणि बहीण उघडीच कुडकुडत झोपली होती.

मावशीनं रजई ओढून काढली, बाळाला छातीशी धरून दवाखाना गाठला. काही उपयोग झाला नाही. "मीच घातली रजई," तिनं त्याच्या आईला सांगितलं. लोक नाही नाही ते बोलले, खोली ओस पडली, पण तिनं ब्र काढला नाही. रजईनं काय झालं ते पोरीला कळता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पुढं गरजेपोटी आया परत आल्या. रजई खसखसल्याचा आवाज मात्र तिला रोज यायचा, आणि उठून बघावं तर पोरं गाढ झोपलेली.

मग बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी एक तरुण बाई तान्हं घेऊन दारात उभी राहिली. हनुवटीवरचा तीळ मावशीनं ओळखला. बडबडीच ती.

"मी तान्ही ठेवत नाही आता," मावशी म्हणाली. नेमकं तेव्हाच आत एक तान्हं रडलं.

"मावशी, ती रजई मी घातली होती. मला सगळं आठवतं."

मावशीनं दार पुरतं उघडलं. आपण खोटं बोलून हिला वाचवलं नाही, एकटं पाडलं, हे तिला आत्ता कळलं आणि स्वतःचाच संताप आला.

"मी शिकवलं म्हणून घातलीस," ती म्हणाली. "माझं काम मी तुझ्यासारख्या कार्टीवर टाकलं. तू नुसतं ऐकलंस गं."

"आईला कधी सांगू शकले नाही," पोरगी म्हणाली. "याच्याजवळ मला झोपच येत नाही, बघत बसते. आज कामावर जायचंय. तुझ्याशिवाय कोणाकडे ठेवायचा धीर होत नाही."

आत जागा एकच उरली होती. पोरीनंच बाळाला तिथं उताणं निजवलं, जवळची चादर उचलून मावशीच्या हातात दिली आणि ती निघून गेली.

त्या रात्री सगळ्या पोरांचं झाल्यावर मावशीचं बोट सवयीनं भिंतीकडे गेलं. बोटाला ऊब लागली. ती सकाळपर्यंत तिथून हलली नाही.