मामांचा शाळू, मामांची मर्जी

आपला देश स्वतंत्र झाला ही गोष्ट माझ्या मामेसासऱ्यांना अजून पूर्णपणे मान्य नाही. पंधरा ऑगस्टला ते धुतलेली टोपी घालून शाळेत झेंडावंदनाला जातात, जिलेबी खातात आणि परत येताना भेटेल त्याला सांगतात, "झालं, पर ज्वारीचं राह्यलंय अजून." नगरकडच्या कर्जत तालुक्यात त्यांची काळी, कसदार जमीन आहे. तिच्यात ते शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी पिकवतात, आणि ती कुणाला, कुठं, कधी अन् काय भावानं विकायची हे पिकवणाराच ठरवणार, या एका वाक्यावर त्यांनी सगळं आयुष्य काढलं आहे. तरुणपणी याच मागणीसाठी छातीवर बिल्ला लावून ते रस्त्यावर बसले होते. आंदोलन संपल्यावर बाकीचे उठले, मामा अजून बसलेलेच आहेत, असं मामी म्हणतात.

हे वेड ज्वारीपुरतंच असतं तर सोसलं असतं. लग्नात कुणी "इकडं बसा" म्हटलं की मामा हटकून तिकडं बसतात. एकदा त्यांना खोकल्याच्या गोळ्या घ्यायला बरोबर घेऊन गेलो, ही माझी चूक. पाकीट हातात घेऊन त्यांनी दुकानदाराला विचारलं, "ह्यो भाव कुनी ठरवला?" तो म्हणाला, "कंपनीनं. छापलेलाच असतो." मामा माझ्याकडं वळले. "बघा, जावई. गोळी करनारा भाव छापून धाडतो. आन शाळू करनाऱ्यानं हात जोडून इचारायचं, काय देता?" मागं रांग वाढत होती. रांगेतल्या दोघातिघांना हे एकदम पटलं, चर्चा रंगली आणि गोळ्या न घेताच आम्ही घरी आलो.

या वेडाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. लहानपणी ते वडिलांबरोबर बैलगाडीतून ज्वारी घेऊन बाजाराला गेले होते. तेव्हा भाव रुमालाखाली ठरत असे. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांचा हात धरत, बोटं दाबून आकडा सांगत, आणि मालाचा धनी बाजूला उभा राहून नुसता रुमालाकडं बघत असे. हात सुटल्यावर मामांच्या वडिलांनी विचारलं, "काय ठरलं?" अडत्या म्हणाला, "चांगलं ठरलं." हे सांगताना मामांचा आवाज बारीक झाला. "माजा बाप व्हय म्हनला, जावई. आकडा कळायच्या आधी व्हय म्हनला."

म्हणून त्यांचं बाजाराशी वाकडं आहे असं मात्र समजू नये. एका वर्षी बाहेरच्यापेक्षा बाजारातच भाव बरा निघाला, तर मामा पोती घेऊन थाटात तिथं हजर. "आज मी माज्या मर्जीनं आलोय," त्यांनी अडत्याला बजावलं. तो बिचारा म्हणाला, "अहो, सगळेच येतात की." मामा म्हणाले, "ते येत्यात. मी आलोय." अडत्यानं चहा मागवला. तो मामांनी घेतला नाही. चहा कुठं प्यायचा हेही त्यांचं त्यांनीच ठरवलेलं होतं.

मग कालव्याचं पाणी त्यांच्या रानापर्यंत आलं आणि गोष्ट गंभीर झाली. मामांचा मुलगा कर्ता आहे, समजूतदार आहे. तो म्हणाला, "आबा, ऊस लावू. कारखान्याची टोळी येती, तोडून नेती. विकायची कटकट न्हाई." मामा उसळले. "कटकट न्हाई म्हंजे हक्क बी न्हाई! उसाला गिऱ्हाईक कोन, हे लागनीच्या आधीच ठरल्यालं." बापलेकांत आठवडाभर धुमसत होतं. अखेर मामींनी मध्ये पडून तोडगा काढला. त्या वर्षीचा सगळा शाळू मामांनी मृग लागायच्या आत आपल्या मर्जीनं विकून दाखवायचा. जमलं तर रान शाळूचं, नाही जमलं तर उसाचं. मामांनी शब्द दिला, टेम्पो भरला आणि थेट नगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून उभा केला.

सेक्रेटरी धावत खाली आले. "इथं व्यापार चालणार नाही." मामा म्हणाले, "ह्यो व्यापार न्हाई, ह्यो लढा हाय," आणि फडक्यातली भाकरी ठेच्यासकट त्यांच्या हातावर ठेवली. सेक्रेटरींनी अर्धं पोतं नेलं. असं सगळ्यांना दिलं असतं तर आठ दिवसांत टेम्पो रिकामा झाला असता. पण मामांनी गिऱ्हाईक पारखायला सुरुवात केली. "भाकरी थापता का लाटता?" लाटणाऱ्यांना किलोभरच. एका बाईंनी कबुतरांना टाकायला हवी म्हटल्यावर मामांनी पोत्याचं तोंडच बांधून टाकलं. "मामा, अहो मुदत आहे," मी कळवळून म्हणायचो. "मर्जी म्हंजे मर्जी, जावई," असं उत्तर मिळायचं. तरीही माल खपत गेला आणि मृगाच्या आदल्या दिवशी चारच पोती उरली.

त्या दुपारी एक व्यापारी आला. शाळू हातावर घेऊन पाहिला, मामांनी सांगितलेला भाव घासाघीस न करता कबूल केला. मुलगाही आलेला होता. बाप जिंकला म्हणून त्याचाही चेहरा उजळला. पोती व्यापाऱ्याच्या गाडीत चढली. एवढ्यात तो व्यापारी खुशीत येऊन मला म्हणाला, "असला मोत्यासारखा दाणा वर पसरला की खालचा भुसाट मालही खपून जातो बघा."

मामांनी ऐकलं. गाडीत चढले आणि एकेक पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन खाली उतरवू लागले.

"आबा, काय करताय? घ्या पैसे अन् व्हा मोकळे!" मुलगा ओरडला.

"मोकळा हाय म्हनूनच न्हाई म्हनतोय," मामा धापा टाकत म्हणाले.

मुलानं पुढं होऊन शेवटचं पोतं उतरवायला हात लावला. शब्द शब्दच होता. त्या वर्षी रानात ऊस लागला, आणि सऱ्या पाडताना मामा बांधावर उभं राहून कुरकुर न करता सूचना देत होते, असं मामींनी फोनवर सांगितलं. विहिरीकडचा एक पट्टा तेवढा मुलानं आपणहून शाळूसाठी सोडला.

यंदा त्या पट्ट्यातलं एक पोतं मामांनी आमच्याकडं पाठवलं. इमारतीतल्या बायका विचारत होत्या, म्हणून मी फोन केला. "मामा, भाव काय सांगू लोकांना?"

मामा म्हणाले, "तुमीच सांगा कायतरी."

भाव दुसऱ्याला ठरवू देणारे मामा नव्हेत. मी मुद्दाम बाजारापेक्षाही कमी आकडा सांगितला. म्हटलं, आता भडकतील, माझी सात पिढ्यांची अक्कल काढतील, गोळीवाल्या कंपनीपासून सुरुवात करतील. मी फोन कानापासून जरा लांबच धरला होता.

"चालंल," मामा म्हणाले.