आप्पांचा भंडारा कुणी उचलला?

तुम्ही इथे देवाचे अनुभव लिहिता, तसलं काही मी कधीच मानलं नाही. पलूसच्या शाळेत विज्ञान शिकवते मी. घरी कुणी अंगारा आणला की पहिलं नाक मीच मुरडणार. म्हणून हे लिहायला वेळ लागला... आणि राग अजून गेलेला नाही, हेही खरं.

माझे वडील, आप्पा, माण तालुक्यातले धनगर. सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेला. गेल्या हिवाळ्यात पोटातली मोठी रक्तवाहिनी तुंबली, पायांना रक्त पोचेना, अंगठा काळा पडला. माझा थोरला भाऊ, दादा, सांगलीत रक्तवाहिन्यांचाच सर्जन. तो म्हणाला, रोबोटनं बायपास करू, पोट फार फाडावं लागणार नाही. सर्जन बाजूला बसून यंत्राच्या हँडलच्या मुठी फिरवतो, आत यंत्राचे हात तसेच फिरतात.

आप्पा अडून बसले. यंत्र चालेल, पण चालवणारा हात पोराचाच हवा, नाहीतर पाय गेला तरी बेहत्तर. ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, दादापुढं धरली.

"उचल. मंग निजतो मी."

आमच्यात भंडारा उचलला की शब्द फिरवत नाहीत. दादानं तो उजव्या तळव्यावर घेतला, कपाळाला लावला. मीच आप्पांना म्हटलं, आता बिनघोर जावा.

ऑपरेशन सुरू झाल्यावर मी चहाला कॅन्टीनमध्ये गेले, तर कोपऱ्यात दादा! साध्या कपड्यांत, मोबाइल बघत. मी तिथेच त्याला जाब विचारला. म्हणाला, सख्ख्या बापावर हात चालत नाही, नागपूरच्या सर्जन मॅडम करतायत, त्या माझ्यापेक्षा सरस आहेत. खरं सांगितलं असतं तर आप्पा आलेच नसते.

असेलही. पण मग भंडारा कशाला उचलायचा? मला फसवलं ते फसवलं, त्या म्हाताऱ्याला देवाच्या नावानं फसवलं.

मॅडम बाहेर आल्या त्या उजवा तळवा चोळतच. पाय वाचला म्हणाल्या. मग हात पुढं केला — तळवा पिवळाधमक, हळदीचा वास. म्हणाल्या, हात स्वच्छ धुऊनच यंत्रावर बसले, यंत्राच्या मुठीही पुसलेल्या, त्यांच्यावर पिवळा ठिपकासुद्धा नव्हता. दादानं आपला तळवा उलटून पाहिला. कोरा.

आप्पा शुद्धीवर आले. त्यांना आम्ही कुणी काही सांगितलं नव्हतं, मॅडमना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. त्या आत येताच आप्पांनी हात जोडले.

"तू उचललास व्हय माजा भंडारा? लय उपकार झालं, लेकी."

दादा पुढं सरकला. आप्पांनी शांतपणे त्याच्याकडं पाहिलं.

"आवं डॉक्टर, जरा बाजूला व्हा."

आप्पा आता मेंढरांच्या वाड्यापर्यंत चालत जातात. दादा सुट्टीला येतो, तेव्हा आप्पा त्याच पायांवर उठतात आणि पाहुण्याला द्यावी तशी त्याला खुर्ची देतात.