पाडव्याच्या फोटोतला उजेड

"बल्ब राहू द्या की चालू," काकू म्हणाल्या. माझा हात तोवर बटणावर गेला होता.

पाडव्याची सकाळ. परंड्यातल्या माझ्या फोटो स्टुडिओमागच्या गल्लीत तात्या-काकूंचं घर. तात्या म्हणजे एस.टी.च्या कुर्डुवाडी गाडीवरचे रिटायर्ड ड्रायव्हर. कावीळ झाली म्हणून सोलापूरला ॲडमिट होते, दिवाळीला घरी आणलेले. निरोप त्यांचाच होता : "बरा झालोय. काकू ओवाळताना फोटो काढायला ये."

घरात फोटो काढायचा तर उजेड एका जातीचा लागतो. दिवसाचा उजेड पांढरा, बल्बचा पिवळा. दोन्ही मिसळले की अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. म्हणून मी घरातले दिवे बंद करून माणसं खिडकीशी बसवतो. फ्लॅश समोरून मारत नाही, चेहरा सपाट होतो.

इथं तर भरदिवसा खिडकीला जाड चादर लावलेली आणि वर पिवळा बल्ब.

"काकू, यात सगळेच पिवळे दिसतील."

"दिसू द्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

सणाला दिवा मालवायचा नसेल, असं मला वाटलं. तेवढ्यात तात्याच खाटेवरून बोलले, "अगं, त्याचं काम त्याला करू दे."

बल्ब बंद केला. चादर काढली. तात्यांची खुर्ची खिडकीच्या बाजूला तिरपी ठेवली. उजेड एकाच अंगानं आला की दुसरं अंग काळं पडतं. त्यासाठी समोर पांढरं कापड धरायचं, त्यावरून उजेड परत चेहऱ्यावर येतो. त्यांच्या थोरल्या मुलाच्या, संतोषच्या, हातात धुतलेलं धोतर दिलं. तो माझ्याकडं बघतच नव्हता.

मग व्हाइट बॅलन्स. म्हणजे कॅमेऱ्याला पांढरी वस्तू दाखवून सांगायचं, हे पांढरं. मग बाकीचे रंग तो बरोबर धरतो. धोतरच दाखवलं. काकूंनी ओवाळलं, मी उजेडाकडंच लक्ष ठेवून फोटो काढले.

"दाखव बरं," तात्या म्हणाले.

स्क्रीनवर धोतर पांढरं होतं. तात्यांचा सदरा पांढरा, काकूंचा चेहरा आहे तसा. आणि तात्या हळद लावल्यासारखे. डोळेसुद्धा.

"बल्ब बंद होता न्हवं?"

"व्हय, तात्या."

"मग मीच येवढा पिवळा कसा?"

तात्या मुलाकडं वळले. "संत्या, तू तर म्हणलास कावीळ उतरली."

संतोष धोतराची घडी घालत बाहेर गेला. काकू म्हणाल्या, "उतरतीय हो. टाइम लागतोय."

"माझ्याकडं बघून सांग."

काकूंनी ताट खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावला.

"घरी कशाला आणलं, ते कळलं आता," तात्या म्हणाले.

ओट्यावर संतोषनं सांगितलं. लिव्हर गेलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. खोलीत सगळेच पिवळे दिसावेत म्हणून तो बल्ब होता.

"मला आधी सांगायचं की रे."

"कुणाकुणाला सांगू? बोललो की रडू येतंय."

स्टुडिओत आल्यावर कॉम्प्युटरवर पिवळा रंग उतरवून बघितला. चेहरा राखेसारखा झाला. ब्लॅक अँड व्हाइट केला, तर काकूंच्या डोळ्यांतली भीती जास्तच दिसायला लागली. दोन्ही प्रिंट काढून त्यांच्या घरी पोचवल्या. काकूंनी पाकीट न उघडताच परत दिलं. तात्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. मुलाशी बोलणंही बंद. आल्यागेल्याकडं पाठ करून ते भिंतीकडं तोंड करून पडायचे.

संक्रांतीच्या आत ते गेले. दहाव्याला लायसनवरचा जुना फोटो मोठा करून लावला. तो करायलाही संतोष माझ्याकडं आला नाही, बार्शीला गेला.

फोटोत काही चूक नव्हती. उजेड, रंग, सगळं बरोबर होतं. आता कुणाच्या घरी गेलो आणि खिडकी झाकलेली दिसली, तर चादरीला हात लावण्याआधी घरातल्या एकाला बाहेर बोलावतो आणि विचारतो, ही का लावलीय?